गाडीला जोडलेला मांडव

अभ्यासासाठी शास्त्रभाग : उत्पत्ती १८:१–८, निर्गम २६:७–१४, योना ४:५–८



या अंकातला पाठ थोडा वेगळा आहे. यात कापड आहे, पाइप आहेत, दोऱ्या आणि मेखा आहेत. फिरत्या दवाखान्याच्या फोर-बाय-फोर बोलेरोसाठी अर्पण देताना आपल्यापैकी काहींनी विचारले होते, "गाडीला बाजूने सावली करायची तर किती खर्च येईल? तयार विकत घ्यावी की इथेच करून घ्यावी?" त्याचे उत्तर चार ओळींत देता आले असते. पण लिहायला बसलो तेव्हा लक्षात आले, की सावली कशाची करावी हे ठरवण्याआधी ती कोणासाठी करावी हे ठरवावे लागते. आम्ही ते उशिरा शिकलो.

तीन वर्षांपूर्वीची गोष्ट. एप्रिल महिना, चोपडा तालुक्यात सातपुड्याच्या पायथ्याचा एक पाडा. आम्ही गाडीच्या कॅरिअरला निळी ताडपत्री बांधली, पुढची दोन टोके बांबूंना अडकवली आणि खाली टेबल मांडले. डॉक्टरबाई, दोन सिस्टर, औषधांचे खोके आणि नावे लिहिणारा मी, सगळे सावलीत. रांग उन्हात. सत्तरेक माणसे असतील. बाया पदर डोक्यावर घेऊन, लेकरांना मांडीच्या सावलीत धरून बसल्या होत्या. कोणी तक्रार केली नाही. अकराच्या सुमारास बारा-तेरा वर्षांचा एक मुलगा पाय धरून रडू लागला. तो दुसऱ्या पाड्यावरून चालत आला होता आणि दोन तास पाण्याविना रांगेत बसला होता. त्याच्या आईने कमरेच्या पिशवीतून कार्ड काढून दाखवले. सिकलसेलचा रुग्ण.

ज्यांना या आजाराची माहिती नाही त्यांच्यासाठी दोन शब्द. सिकलसेलमध्ये रक्तातल्या तांबड्या पेशी काही वेळा कोयत्यासारख्या वाकड्या व ताठर होतात आणि बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात. तिथला रक्तपुरवठा थांबतो आणि हाडांत, पोटात, छातीत भयंकर कळा येतात. अंगातले पाणी कमी होणे, दमणूक, ताप, एकदम लागलेला गारठा ही त्याची नेहमीची कारणे. हा आजार आईवडिलांकडून येतो, उन्हामुळे होत नाही. पण ज्याला तो आहे त्याला तहानलेला ठेवून उन्हात बसवणे म्हणजे दुखणे हाताने ओढवून आणणे. आपल्या सातपुडा पट्ट्यातल्या भिल्ल, पावरा, मावची समाजांत हा आजार आहे. केंद्र सरकारने १ जुलै २०२३ रोजी सिकलसेल निर्मूलनाचे राष्ट्रीय अभियान सुरू केले. तेव्हापासून तपासणीसाठी पाड्यापाड्यांवर माणसे एकत्र बोलावली जातात. तपासायला बोलवायचे आणि तपासणीच्या रांगेतच आजार वाढवायचा, असे आमच्या हातून त्या दिवशी झाले.

पुढे काय झाले ते सांगतो, कारण मांडवाचा मुद्दा त्यातच आहे. मुलाला तालुक्याला न्यायचे ठरले. गाडी एकच. ताडपत्री गाडीलाच बांधलेली. ड्रायव्हरदादांनी घाईघाईने गाठी सोडल्या, ताडपत्री जमिनीवर टाकली, मुलाला मागच्या सीटवर निजवले आणि गाडी गेली. गाडीबरोबर सावलीही गेली. उरलेली माणसे, सिस्टर आणि औषधे तीन तास भर उन्हात. मुलगा चार दिवस दवाखान्यात राहिला आणि बरा होऊन घरी गेला, देवाची कृपा. पण त्या संध्याकाळी डॉक्टरबाईंनी वहीत एकच ओळ लिहिली होती, की पुढच्या शिबिरात टेबल उन्हात चालेल, रांग चालणार नाही.

आता शास्त्रभाग पाहू. उत्पत्तीच्या अठराव्या अध्यायात भर उन्हाच्या वेळी अब्राहाम आपल्या डेऱ्याच्या दाराशी बसलेला आहे. तीन वाटसरू दिसतात आणि तो उठून धावतो. पुढचा क्रम नीट वाचा. पाय धुवायला पाणी आणि झाडाखाली विसावा हे आधी. भाकर त्यानंतर. ते कोण आहेत, कुठून आले, कशासाठी आले हे तो आधी विचारत नाही. शेवटी पाहुणे झाडाखाली जेवतात आणि यजमान त्यांच्याजवळ उभा असतो. आमच्या शिबिराचा क्रम नेमका उलटा होता : आधी नाव, मग गाव, मग आधार कार्ड, मग रांग, आणि सावली सर्वात शेवटी, टेबलापाशी पोहोचल्यावर.

योनाच्या चौथ्या अध्यायातही सावली आहे. निनवे शहराचे काय होते ते पाहायला तो शहराबाहेर स्वतःपुरता मांडव घालून बसतो. देव त्याच्या डोक्यावर वेल वाढवतो, तेव्हा त्याला फार आनंद होतो. वेल सुकतो, पूर्वेचा झळईचा वारा सुटतो, ऊन डोक्याला लागते आणि तो मरण मागू लागतो. उष्माघाताचे इतके जिवंत वर्णन शास्त्रात दुसरीकडे मला आठवत नाही. शहरातल्या माणसांचे काय, हा विचार मात्र योनाच्या सावलीत बसत नाही. आमची निळी ताडपत्री योनाची होती, हे कबूल करायला मला एक उन्हाळा लागला.

कोणी म्हणेल, पाड्यावर झाडे नाहीत का? आहेत, पण कोणती ते पाहावे. सातपुड्याच्या उतारावर साग फार, आणि साग उन्हाळ्यात पाने गाळतो. मोहाला फुले येतात तेव्हा त्याच्यावर पाने नसतात. पळस फुलतो तोही बोडका. म्हणजे सावली हवी तेव्हाच जंगल उघडे असते. वड, चिंच, आंबा, कडुनिंब हे खरे सावलीचे धनी. पाड्यावर असे झाड असेल तर शिबिर त्याच्याखालीच घ्यावे, ताडपत्री सोडूही नये. पण नवीन वस्तीत किंवा डोंगरकडेच्या विरळ घरांत असे झाड सहसा रस्त्यापासून दूर असते.

मग शिबिरे थंडीत का घेत नाही, हा पुढचा प्रश्न. पश्चिम खानदेशात काम केलेल्या स्कॅन्डिनेव्हियन अलायन्स मिशनच्या काळात मिशनरींचे दौरे थंडीत निघत. तंबू बैलगाडीवर घालून गावोगाव मुक्काम करायला तोच काळ सोयीचा. आज थंडीत पाडे अर्धे रिकामे असतात. दिवाळीनंतर माणसे ऊसतोडीला जातात, लेकरेही बरोबर जातात. परततात ती होळीच्या सुमारास, भोंगऱ्या बाजार भरतो तेव्हा. होळीपासून मृगापर्यंत माणसे घरी भेटतात, आणि तोच जळगाव-धुळ्याचा सर्वात कडक काळ. भुसावळचे मे महिन्यातले तापमान वर्तमानपत्रांतून सगळ्या महाराष्ट्राला ठाऊक आहे. वर्तमानपत्रातला तो ४५ अंशांचा आकडा सावलीतला असतो, हे मात्र पुष्कळांना ठाऊक नसते. हवामान खात्याचा तापमापक झडपांच्या पांढऱ्या पेटीत ठेवलेला असतो. उन्हात बसलेल्या माणसाला त्या हवेच्या वर सूर्याचा थेट मारा सोसावा लागतो. कापडाची सावली हवा थंड करत नाही, तो मारा अडवते. माणसाच्या अंगाला एवढा फरक पुष्कळ होतो.

आता वस्तू. तयार मिळणाऱ्या सावल्या परदेशात रानावनात गाडीने फिरणाऱ्या लोकांसाठी निघाल्या. पिशवीतून गुंडाळी ओढली की कापड बाहेर येते आणि आतूनच पाय निघतात. दिसायला सुरेख, लावायला सोप्या. आम्ही चौकशी केली तेव्हा बरी म्हणावी अशी पंधरा हजारांच्या खाली मिळाली नाही. कोणाला देणगी म्हणून द्यायची असेल तर आनंदाने घेऊ. पण तिचा एक प्लास्टिकचा सांधा तुटला तर तो चोपड्यात मिळत नाही, शिरपुरातही नाही. शिवाय तिचे कापड गाडीला पक्के जोडलेले असते, आणि आमचा धडा तर गाडी गेल्यावरही सावली उभी राहिली पाहिजे हा होता. म्हणून आम्ही शिंपी आणि वेल्डर यांच्याकडे गेलो. सगळा खर्च तीन हजारांच्या आत बसला. दर गावोगाव वेगळे असतात, तेव्हा हा आकडा अंदाज म्हणूनच घ्यावा.

कापडाबद्दल जास्त बोलतो, कारण चुका तिथेच होतात. निळी प्लास्टिकची ताडपत्री सर्वात स्वस्त. पाणी अडवते, हलकी असते. पण तिच्याखाली सगळ्यांचे चेहरे निळसर दिसतात. डॉक्टर डोळ्याची खालची पापणी ओढून रक्त कमी आहे का ते पाहतात, नखे पाहतात, काविळीचा पिवळेपणा शोधतात. निळ्या उजेडात हे कळत नाही. हिरव्या शेडनेटखाली तीच गत, सगळे हिरवे. आमच्या डॉक्टरबाई रुग्णाला हात धरून उन्हात नेत, डोळे पाहत आणि परत आणत. हे आम्ही दोन शिबिरे पाहिले, मग सुचले. तपासणीच्या जागेवर पांढरे, मळखाऊ किंवा खाकी कापडच हवे.

जाड सुती कॅनव्हास उत्तम. तो तापतो कमी, फाटला तर दाभणाने शिवता येतो, रंग फसवत नाही. मात्र जड असतो आणि ओला गुंडाळला तर बुरशी धरतो. एका बाजूने चंदेरी व दुसऱ्या बाजूने काळी अशी ताडपत्रीही मिळते. चंदेरी बाजू वर ठेवली तर ऊन परतवते आणि खाली उजेडाचा रंग बदलत नाही. मंडपवाल्यांकडे जुन्या कनाती निघतात, त्या विचारून पाहाव्यात, पुष्कळदा पडत्या भावात मिळतात. निवडणुकीनंतर फुकट मिळणारे फ्लेक्सही आम्ही वापरून पाहिले. पांढरी बाजू वर केली, तर खाली बसलेल्या रुग्णांकडे उमेदवार हात जोडून पाहत राहिले. म्हातारी माणसे हसली, पण ते कापड घडीवर तडकले आणि एका हंगामात गेले.

केळीच्या रोपवाटिकांमुळे रावेर-यावल भागात शेडनेट सहज मिळते. त्यावर लिहिलेला ७५ टक्के हा आकडा म्हणजे तेवढा उजेड ती अडवते. ती टाकाऊ नाही. तिची खरी जागा कॅनव्हासच्या वर आहे, मध्ये वीतभर अंतर ठेवून. वरचा थर तापतो, मधल्या फटीतून वारा ती ऊब घेऊन जातो आणि खालचे कापड हाताला गार लागते. एकच थर असला की तो स्वतः तापतो आणि खाली बसलेल्यांच्या डोक्यावर तव्यासारखी धग सोडतो. निर्गमाच्या सव्विसाव्या अध्यायात निवासमंडपावर एकावर एक आच्छादने सांगितली आहेत. आत नक्षीचे पडदे, त्यावर बकऱ्यांच्या केसांचे अकरा पडदे, त्यावर कातड्यांची आच्छादने. त्या थरांचा आध्यात्मिक अर्थ आपण अनेकदा ऐकला आहे. सीनायच्या रानात राहणाऱ्यांना त्यांचा साधा अर्थही कळत असणार. त्याच उताऱ्यात पडदे जोडायला पन्नास फासे आणि पितळेचे पन्नास आकडे आहेत. ताण एका ठिकाणी न येता सगळ्या कडेवर वाटला जावा, हे आजच्या शिंप्यालाही सांगावे लागते.

आमचे शिंपीकाका मात्र सांगण्याच्या पलीकडचे निघाले. मी कडेला पितळी रिंगा ठोकायला सांगत होतो. ते म्हणाले, "पास्टरसाहेब, रिंग ताणाने फाटते. लेंग्याला नाडीसाठी नेफा असतो ना, तसा नेफा घालू. त्यात पाइप सरकवा. आख्खी कड ओढली जाईल." तसेच केले. कापडाच्या दोन लांब कडांना चार-चार इंचांचे नेफे घातले आणि प्रत्येकात दहा फुटांचा हलका पाइप सरकवला. एक पाइप कॅरिअरला, दुसरा बाहेरच्या कडेला. बाहेरच्या पाइपला दोन टोकांशी भोके पाडली आणि उभ्या खांबांच्या डोक्यावर वेल्डरने एकेक बोल्ट जोडला, तो त्या भोकात बसतो. काम झाले की कापड बाहेरच्या पाइपभोवती गुंडाळायचे आणि कॅरिअरवर तीन पट्ट्यांनी बांधायचे. दोन माणसांना पाच-सात मिनिटे लागतात.

कॅरिअरकडचा पाइप बोल्टने घट्ट करू नका. तो बकलच्या पट्ट्यांनी बांधा, आणि दोन जास्तीचे खांब गाडीत ठेवा. रुग्णाला न्यायची वेळ आली की हे दोन खांब आतल्या पाइपच्या टोकांना लावायचे, दोन दोऱ्या ताणायच्या, पट्ट्या सोडायच्या आणि गाडी काढायची. मांडव चार पायांवर उभा राहतो. त्या मुलाच्या दिवसानंतर आम्ही हे दोनदा केले आहे. दोन्ही वेळा रांग जागची हलली नाही.

गाडीच्या छताला किंवा अंगाला काही वेल्ड करायचा मोह टाळावा. मोटार वाहन कायदा, १९८८ याच्या कलम ५२ प्रमाणे कंपनीच्या मूळ रचनेत मनाने बदल करता येत नाही, आणि छताला भोक पाडले तर पहिल्याच पावसात पाणी व मग गंज. बोलेरोच्या छताच्या कडेला पन्हळ असते, तिच्यावर कॅरिअर पकडीने बसतो. सुटी होणारी वस्तू असावी आणि चालत्या गाडीत ती आवळून बांधलेली असावी, एवढे पुरे.

वाऱ्याचा मात्र धाक धरावा. खानदेशात एप्रिल-मेच्या दुपारी वावटळी उठतात आणि वळवाचे वादळ आले तर रावेर, यावल, चोपड्यात केळीच्या बागा आडव्या होतात. दहा फूट बाय आठ फूट कापड म्हणजे साधारण साडेसात चौरस मीटर. ताशी ४० किलोमीटरच्या वाऱ्यासमोर ते आडवे आले तर सुमारे ५५ ते ६० किलो वजनाइतकी ओढ बसते. वारा दीडपट झाला तर ओढ सव्वादोनपट होते. दोन बांबू आणि सुतळी यांचे हे काम नव्हे.

इथे मला विल्यम कॅरी आठवतात. १७९२ च्या मे महिन्यात नॉटिंगहॅम येथे त्यांनी यशया ५४ मधल्या तंबूच्या वचनावर उपदेश केला, हे आपल्या प्रत्येक मिशन सभेत सांगितले जाते. पुढे श्रीरामपूरला बसून १८०५ मध्ये मराठीचे व्याकरण छापणारे तेच कॅरी. त्या वचनात तंबू मोठा करायला सांगितले आहे, आणि त्याबरोबर दोऱ्या व मेखांचीही काळजी घ्यायला सांगितले आहे. आपण पहिला अर्धा भाग फार उत्साहाने ऐकतो. मेखांकडे बहुधा कोणी वळत नाही.

आमच्या मेखा बारा मिलिमीटर सळईच्या, दीड फूट लांब, वर आकड्यासारख्या वळवलेल्या. ठोकताना मेखेचे डोके मांडवापासून बाहेरच्या बाजूला कलते ठेवावे. दोरी नायलॉनची, जमिनीशी अर्ध्या काटकोनात. प्रत्येक खांबाला दोन दोऱ्या, एक समोर आणि एक बाजूला. दोऱ्यांना लाल चिंध्या बांधा, नाहीतर लेकरे अडखळून पडतात. जमीन पाहून मेख ठरते. तापीकाठच्या काळ्या मातीला उन्हाळ्यात भेगा पडतात, तिथे मेख ठोकलेली दिसते पण हाताने उपटते. डोंगराकडे मुरूम आणि खडक, तिथे ती शिरतच नाही. दोन्ही ठिकाणी आम्ही रिकामी पोती नेतो आणि तिथलेच दगड भरून त्यांना दोरी बांधतो. वीस लिटरचा भरलेला पाण्याचा जारही चालतो, मात्र प्यायचे पाणी नांगर म्हणून बांधून ठेवू नये. ते माणसांना लागेल तेव्हा सोडायला कोणी तयार होत नाही, हा अनुभव आहे.

पश्चिमेला धुळीची भिंत दिसली किंवा एकदम गार झुळूक आली की वाट पाहू नये. खांब काढून कापड खाली घ्यावे, लोकांना घरांत पाठवावे. विजा चमकत असतील तर लोखंडी खांबांजवळ आणि एकट्या झाडाखाली कोणालाही थांबू देऊ नये. काचा लावलेली बंद गाडी तेव्हा सुरक्षित असते.

गाडी उभी कशी करावी यावर आम्ही बरेच वाद घातले. शेवटी सोपे निघाले. मांडव गाडीच्या डाव्या बाजूला ठेवा. शिबिर सकाळचे असेल तर गाडीचे तोंड उत्तरेकडे करा, म्हणजे मांडव पश्चिमेला येतो. पूर्वेचे तिरपे ऊन गाडीच अडवते आणि सूर्य वर चढला की कापड काम करू लागते. दुपारनंतरचे शिबिर असेल तर तोंड दक्षिणेकडे, मांडव पूर्वेला. मेच्या शेवटच्या आठवड्यात आपल्याकडे माध्यान्हीचा सूर्य अगदी डोक्यावर असतो, तेव्हा सावली कापडाच्या बरोबर खाली पडते आणि मांडव जेवढा मोठा तेवढीच माणसे मावतात. सतरंज्या अंथरल्या तर पंधरा-अठरा माणसे बसतात. रांग ऐंशीची असेल तर दोन मांडव हवेत किंवा वेळा वाटून द्यायला हव्यात. पोलीसपाटील किंवा आशाताईंना आदल्या दिवशी सांगितले तर प्रत्येक फळीला वेगळी वेळ देता येते, आणि त्यासाठी पैसाही लागत नाही.

गाडी उभी असताना इंजिन चालू ठेवू नये. धूर मांडवाखाली साचतो. पोरांना सायलेन्सरपासून दूर बसवावे. औषधे गाडीत बंद ठेवू नयेत. उन्हातल्या बंद गाडीत बाहेरच्यापेक्षा पंधरा-वीस अंश सहज जास्त होतात आणि तपासणीच्या किटवर लिहिलेली तापमानाची मर्यादा केव्हाच ओलांडली जाते. औषधांची पेटी सावलीत, जमिनीपासून वर, स्टुलावर ठेवावी. बाळांच्या वजनाचा काटा मांडवाच्या पाइपला कधीही टांगू नये. पाइप वाकतो, वजन चुकते आणि मूल पडायची भीती. काट्याला वेगळी तिकाटी करा. पश्चिमेकडून ओले गोणपाट लावले तर गारवा छान येतो, पण मे महिन्यात ज्या पाड्यावर बाया डोक्यावरून पाणी आणतात तिथे गोणपाटावर पाणी ओतायला आमचे मन झाले नाही.

एक गंमत सांगतो. मांडव उघडा असताना ड्रायव्हरदादा एकदा विसरून गाडी पुढे घेऊ लागले होते. सिस्टर ओरडल्या म्हणून खांब वाचले. तेव्हापासून मांडव उघडला की स्टिअरिंगला लाल फडके बांधायचे, हा नियम.

आता टेबल कुठे असते? मांडवाच्या बाहेरच्या कडेशी, अर्धे उन्हात. डॉक्टरबाईंच्या डोक्यावर छत्री बांधली आहे. आल्याबरोबर आधी माठातले पाणी, मग सतरंजीवर जागा, मग नाव. सिकलसेलचे कार्ड असलेल्यांना, गरोदर बायांना आणि कुपोषित लेकरांना मांडवाच्या आतल्या बाजूला, गाडीलगत बसवतो. तिथे धग सर्वात कमी असते.

मंडळीत हा पाठ घेताना एक प्रश्न गटासमोर ठेवता येईल : आपल्या मंडळीच्या कोणत्या कार्यक्रमात सावली, खुर्ची आणि पाणी आधी आपल्याला मिळते आणि ज्यांच्यासाठी कार्यक्रम आहे त्यांना नंतर? उत्तर लगेच देऊ नका. मागच्या नाताळच्या साडीवाटपाचे किंवा शाळेच्या वह्या दिल्या तेव्हाचे फोटो काढून पाहा, त्यात ते दिसेल.

अक्विला, प्रिस्किल्ला आणि पौल करिंथमध्ये हेच काम करत होते, तेव्हा महिला संघाच्या भगिनींनी मशीनवर बसायला संकोच करू नये. मापे अशी : तयार मांडव दहा फूट बाय आठ फूट. नेफे आणि दुमड धरून कापड साडेदहा फूट बाय नऊ फूट घ्यावे. शिलाई दुहेरी, दोरा नायलॉनचा. नेफ्याच्या दोन्ही टोकांना कापडाचा आणखी एक तुकडा आतून लावावा, फाटायला सुरुवात तिथूनच होते. गाडीकडचे खांब सात फूट, बाहेरचे सहा फूट, म्हणजे पावसाचे पाणी बाहेर वाहते आणि तिरपे ऊनही अडते. कापण्याआधी आपल्या गाडीची कॅरिअरपर्यंतची उंची मोजून घ्या, प्रत्येक गाडीची थोडी वेगळी असते. आणि वळवाच्या पावसात भिजले तर घरी आल्यावर कापड दोरीवर टाकून पूर्ण वाळवा, मगच गुंडाळा. गोदामात ठेवायचे असेल तर उंचावर टांगा, उंदीर कॅनव्हास सोडत नाहीत.